गावचा गायक कागदावर आणायचा तर: वही, कॅसेट, हँडबिल आणि साथीदार

बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून अथणीपर्यंत आणि निपाणीपासून सौंदत्तीपर्यंत बहुतेक गावांत असा एक कलावंत असतोच. भजनात पहिला आवाज त्याचा, यात्रेत रात्रभर बारी त्याची, वरातीत बँडपुढं गाणारा तोच आणि मध्येच नकला करून मांडव हसवणाराही तोच. तो गेला की पेपरात चार ओळी येतात, चौकात फ्लेक्स लागतो आणि वर्षभरात "काय आवाज होता!" एवढंच शिल्लक राहतं. अशा माणसाचं काम टिकवायचं तर सुरुवात गौरवलेखानं करू नये. "रसिकांच्या हृदयावर अधिराज्य" हे वाक्य कुणालाही लागू पडतं. तो कुठल्या पट्टीत गायचा, ढोलकीला कोण बसायचं, कुठल्या गावची यात्रा त्यानं कधी चुकवली नाही, हे फक्त त्यालाच लागू पडतं. आधी वस्तू वाचवा, मग तारखा लावा, मग माणसांशी बोला आणि लिहायला सर्वांत शेवटी बसा.

घर आवरायच्या आधी

तेराव्यानंतर घर आवरायला काढतात आणि सगळ्यात जास्त नुकसान तेव्हाच होतं. वह्या रद्दीत जातात, कॅसेटचा खोका माळ्यावर जातो, जुन्या फोनमधलं सगळं पुसून तो नातवाला दिला जातो. घरच्यांना वेळेवर तीनच गोष्टी सांगा: काही टाकू नका, फोन रीसेट करू नका, फोटो किंवा मानपत्र लॅमिनेट करू नका. लॅमिनेशन पुन्हा निघत नाही आणि आतला ओलावा आतच कोंडून राहतो.

शक्य तितकं काम त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर करा. वस्तू न्यावीच लागली तर शाळेच्या साध्या वहीत नोंद करा: क्रमांक, वस्तू, कुणाकडून, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख, सही. आधी कुणीतरी फोटो नेले आणि परत केले नाहीत, म्हणून अनेक घरं नंतरच्या माणसाला दारातूनच परत पाठवतात. आठ दिवसांत परत करू म्हटलं असेल तर सातव्या दिवशी परत करा.

अल्बममधले फोटो चिकट पानावर बसलेले असतील तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच. पोस्टकार्ड आकाराच्या फोटोला ६०० डीपीआय पुरतं, पासपोर्ट आकाराला १२०० ठेवा. फोटोमागं लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीनं, कडेला आणि हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो. फोटोत कोण कोण आहे हे डावीकडून उजवीकडे आजच लिहून घ्या. ओळखणारी माणसं कमी होत जातात.

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या गावांत २००५ आणि २०१९ च्या पुरानं पेट्याच्या पेट्या भिजवल्या. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळले की पुन्हा सुटत नाहीत. ते ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात अलगद वेगळे करावेत आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत सुकवावेत. दोन दिवसांत हे जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी धरत नाही आणि काम सवडीनं करता येतं.

गाण्याची वही

सगळ्या सामानात सर्वांत मोलाची हीच, आणि दिसायला सर्वांत कळकट. मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत, कोरी पानंही न वगळता, ओळीनं फोटो काढा. ओसरीवर उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल पानाला समांतर धरून. पानात एसटीचं तिकीट किंवा चिठ्ठी असेल तर ती जिथं आहे तिथंच ठेवून एक फोटो घ्या, मग बाजूला करून दुसरा. ते तिकीट कधी कधी त्या पदाची एकमेव तारीख असते.

उतरवून घेताना शुद्धलेखन सुधारू नका. समासातल्या खुणा गाण्याइतक्याच महत्त्वाच्या: "काळी २" (पेटीवरची पट्टी), "ढोलकी बंद", "दोनदा", "कोरस". या खुणांवरून गायक प्रसंग कसा रंगवायचा ते कळतं. पदावर "चाल" लिहिलेली असेल तर तीही जशीच्या तशी घ्या. शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा, म्हणजे कवीनं त्यात गुंफलेलं स्वतःचं नाव, नीट वाचा. आपला गायक ज्या शाहिराचं कवन आयुष्यभर गायला, ते कवन त्याच्याच नावावर छापलं जाणं ही अशा पुस्तिकांतली सर्वांत नेहमीची चूक आहे. नाममुद्रा दुसऱ्याची असेल तर रचना दुसऱ्याची. आपल्या गायकाचं त्यातलं काम वेगळं सांगा: चाल, मांडणी, मधली बतावणी.

आपल्याकडं एकाच रात्री मराठी गवळण आणि कन्नड पद गाणारे कलावंत नवे नाहीत. हुक्केरी, गोकाक, चिकोडी भागात तर तेच नेहमीचं. अशा वह्यांत कन्नड पदं देवनागरीत लिहिलेली सापडतात आणि तिथं घोटाळा होतो, कारण कन्नडमधले ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ नेहमीच्या देवनागरीत वेगळे दाखवता येत नाहीत. कन्नड घरभाषा असलेल्या माणसाला ते पद मोठ्यानं म्हणायला लावा, ते रेकॉर्ड करा आणि त्याच्याकडूनच कन्नड लिपीत लिहून घ्या. दोन्ही पाठ शेजारीशेजारी ठेवा. कन्नड पदं "आपली नव्हेत" म्हणून गाळली तर त्या माणसाची निम्मी रात्रच गाळली जाते.

कॅसेट वाजवण्याआधी

सापडली की लगेच टेपमध्ये घालायची घाई नको. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे कान असतात, ते आधी मोडा. ते शाबूत असताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर दाबलं तेवढा आवाज कायमचा गेला. मग उजेडात धरून आतली टेप पाहा. बेळगाव-खानापूरच्या पावसात बंद खोक्यात पडलेल्या कॅसेटवर पांढरट बुरशी हमखास असते. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा. मशिनमध्ये घातली तर बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते.

टेपच्या तोंडाशी तांब्याच्या पातळ पट्टीवर फेल्टचा इवलासा तुकडा चिकटवलेला असतो. गोंद वाळला की तो गळून पडतो, टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज रजईखालून आल्यासारखा येतो. पुष्कळदा "कॅसेट खराब झाली" म्हणतात ती हीच. अशा वेळी पाच स्क्रूची दुसरी चांगली कॅसेट उघडून तिच्या कवचात ही रिळं बसवायची. वाजवण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं फिरवून घ्या, म्हणजे गुंडाळी सारखी होते आणि मध्ये अडकत नाही.

हेड आणि त्याशेजारची फिरणारी धातूची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडनं पुसा. दर चार-पाच कॅसेटनंतर पुन्हा. रबरी चाकाला अल्कोहोल जपून, रबर कडक होतं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्या मिळाल्या तर त्यांना मात्र अल्कोहोल अजिबात लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

स्पीकरसमोर मोबाइल धरून कॉपी करू नका. पंख्याचा, रस्त्याचा आवाज कायमचा आत जातो. डेकच्या लाइन-आउटमधून वायर काढा आणि लाइन-इन असलेल्या यूएसबी साउंड कार्डातून लॅपटॉपला जोडा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली तर आवाज बहुधा एकाच बाजूचा आणि फाटका येतो. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठ्या आवाजालाही काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये. वेव्ह फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ. याला तासाला साधारण १ जीबी जागा लागते. साठ मिनिटांच्या चाळीस कॅसेट असतील तर चाळीस-बेचाळीस जीबी धरा.

आवाज दबका येत असेल तर हेडशेजारचा छोटा स्क्रू वाजवता वाजवता अगदी किंचित फिरवा. टाळाची किणकिण आणि "स", "श" जिथं सर्वांत स्वच्छ ऐकू येतील तिथं थांबा. प्रत्येक कॅसेटला ही जागा वेगळी असू शकते, कारण ती ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याचं हेड तिरपं असू शकतं.

दोन्ही बाजू पूर्ण घ्या. मधली अनाउन्समेंट, टाळ्या, पेटीवाल्याशी झालेलं बोलणं, "लाइट गेली बघा" असली वाक्यं, काही कापू नका. गावाचं, कमिटीचं आणि साथीदारांचं नाव बहुतेक वेळा निवेदकाच्या तोंडूनच मिळतं. मूळ फाइलवर खरखर काढायचं फिल्टर चालवू नका. हवं तर वेगळी प्रत करून तिच्यावर चालवा. हे फिल्टर खरखरीबरोबर टाळ आणि तुणतुण्याची धारही खातं.

आता पट्टी. हे तपासल्याशिवाय "त्यांचा आवाज फार वरचा होता" असं लिहू नका. यात्रेत टेपरेकॉर्डर बॅटरीवर चालायचा. सेल उतरले की टेप हळू सरकते, आणि तशी भरलेली कॅसेट नीट मशिनवर वाजवली की आवाज चढा आणि गाणं पळतं येतं. उलट तुमच्या डेकचा पट्टा सैल असेल तर सगळंच खाली येतं. सुमारे सहा टक्के वेग बदलला की एक स्वर सरकतो, म्हणजे काळी एकचा गायक पांढरी दोनचा वाटायला लागतो. तपासायचे दोन मार्ग आहेत. साथीदाराला पट्टी विचारा. पेटीवाल्याला ती वीस वर्षांनीही आठवते. दुसरा मार्ग कॅसेटमध्येच असतो: ॲम्प्लिफायरची घुरघुर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ती घुरघुर ऑडॅसिटीतल्या वारंवारतेच्या आलेखात ५० किंवा १०० वर दिसायला हवी. १०६ वर दिसली तर टेप त्या प्रमाणात जलद वाजते आहे. कार्यक्रम जनरेटरवर झाला असेल तर या आकड्यावर विसंबू नका, जनरेटरची गती स्थिर नसते.

तारीख लावणं

हँडबिलावर वार आणि तारीख असते, साल नसतं. छापणाऱ्याला त्याची गरजच नसायची. पण साल काढता येतं, आणि हे काम करताना खरा आनंद मिळतो.

समजा हँडबिलावर "शुक्रवार दि. १२ फेब्रुवारी" आहे. कॅलेंडर लावलं की १९५४, १९६०, १९६५, १९७१, १९८२, १९८८, १९९३ ही सालं निघतात. पत्त्यात "म्हैसूर राज्य" असेल तर काळ १ नोव्हेंबर १९५६ ते १ नोव्हेंबर १९७३ च्या मधला, कारण त्यानंतर राज्याचं नाव कर्नाटक झालं. उरली १९६०, १९६५, १९७१. तिकीट "७५ न. पै." असेल तर नये पैसे १ एप्रिल १९५७ पासून १९६४ पर्यंतच चालले, उरलं एकटं १९६०. त्यावर "भारत पौर्णिमेनिमित्त" (म्हणजे माघी पौर्णिमेला) असंही असेल तर पंचांग काढा: १९६० साली माघी पौर्णिमा १२ फेब्रुवारीलाच होती. असे दोन-तीन धागे जुळले तरच साल पक्कं लिहा. एकच धागा असेल तर "सुमारे" लिहा. पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. "बेळगाव" या नावावर मात्र काही ठरवू नका. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, मराठी छपाईत बेळगाव आजही तसंच आहे.

जन्मतारखेसाठी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. त्यात १ जून दिसली तर ती बहुधा गुरुजींनी नाव घालताना टाकलेली. वर्ष जवळपास बरोबर धरा, दिवस नको. १९५६ नंतरच्या नोंदी बऱ्याच ठिकाणी कन्नडमध्ये आहेत, तेव्हा नाव शोधताना कन्नड वळणाची रूपंही डोळ्यांखालून घाला. रंगमंचावरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव वेगळं असणं तर नेहमीचंच. बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ ला जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली सगळ्या जगाला कुमार गंधर्व म्हणूनच ठाऊक आहेत. दोन्ही नावं, टोपणनाव आणि "अमुक गावकर" असं जे लोक म्हणायचे ते, सगळं पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

कलाकार मासाशनासाठी (कलावंतांच्या मासिक मानधनासाठी) कन्नड आणि संस्कृती खात्याकडं केलेल्या अर्जाची झेरॉक्स घरात असेल तर ती सोन्यासारखी जपा. कार्यक्रमांची यादी बहुधा तिला जोडलेली असते. आकाशवाणीवर गायले असतील तर करारपत्र शोधा, त्यावर तारीख, वेळ आणि मानधन असतं. धारवाड केंद्र १९५० चं, सांगली १९६३ चं. त्याआधीचा दावा कुणी केला तर केंद्र दुसरं असणार. जुन्या पेपरच्या फायली पाहायच्या तर नाव शोधत बसू नका, यात्रेच्या तिथीवरून तारीख काढून त्या आठवड्याचे अंक चाळा.

आणि गावच्या यात्रा कमिटीची जमाखर्चाची वही. "गायन पार्टी सुपारी", "मोटारभाडं", "नारळ-फेटा" अशा ओळींत साल, रक्कम आणि पार्टीत किती माणसं होती हे मिळतं. माणसाची आठवण आणि ही वही यांत फरक पडला तर वहीवर विश्वास ठेवा.

साथीदारांशी बोलणं

घरच्यांना माणूस ठाऊक असतो, कला ठाऊक असते साथीदारांना. म्हणून ढोलकीवाला, पेटीवाला, झीलकरी (मागं सूर धरणारा), निवेदक, लाउडस्पीकरवाला आणि मांडववाला यांच्याकडं आधी जा. लाउडस्पीकरवाल्याला सगळे विसरतात. पण दर रात्री पहिल्या माइक टेस्टिंगपासून शेवटच्या भैरवीपर्यंत जागा असायचा तोच.

"त्यांच्याविषयी सांगा" म्हटलं की भाषण मिळतं. नेमका प्रश्न टाका: "मामा, तुम्ही पहिल्यांदा त्यांच्याबरोबर बसलासा ते कुठल्या गावात?" "गणाला किती वेळ घ्यायचे?" "घसा बसला तर काय करायचे?" "रंग भरला नाही तर कुठलं पद काढायचे?" शेवटच्या दोन प्रश्नांवर उत्तरं सर्वांत चांगली येतात. सालं विचारू नका, घटना विचारा: कोयनेच्या भूकंपाच्या (११ डिसेंबर १९६७) आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळात की पुढं, इंदिरा गांधी गेल्या (३१ ऑक्टोबर १९८४) तेव्हा पार्टी कुठं होती.

मोबाइल विमान मोडवर, माणसापासून हातभर अंतरावर, टेबलावर नव्हे तर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाचा धक्का येत नाही. पंखा बंद, मिक्सर बंद. सुरुवातीला तारीख, गाव आणि दोघांची नावं बोलून घ्या. पाऊण तासाच्या वर बसू नका, म्हातारी माणसं थकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. ढोलकी किंवा पेटी समोर ठेवली तर जे शब्दांत येत नाही ते बोटांत येतं.

संगीतबारीतल्या, जोगती परंपरेतल्या, चौडकीवर गाणाऱ्या स्त्री कलावंतांच्या बाबतीत अधिक जपून वागलं पाहिजे. त्यांच्या मुला-नातवंडांनी आयुष्य वेगळ्या वाटेवर उभं केलेलं असतं. नाव छापायचं का, फोटो कुठला, परंपरेचा उल्लेख करायचा का, हे आधी त्यांना विचारा, त्यांच्यासमोर वाचून दाखवा आणि "नको" म्हटलेला शब्दही ठेवू नका. पुरुष कलावंताचं व्यसन, कर्ज, भावकीतली भांडणं याबाबतही हाच नियम, घरच्यांना विचारल्याशिवाय नाही.

लिहिणं, कार्यक्रम, प्रती

लेखात दिवसाचं काम नक्की लिहा: निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत, वडगाव-शहापूरच्या मागावर, उद्यमबागेतल्या फौंड्रीत की शेतात. रात्रभर गाऊन सकाळी कामावर उभं राहणं हा त्या गाण्याचाच भाग आहे. मग तालीम कुणाकडं झाली, पट्टी, साथ, बारीचा क्रम, सुपारी किती, कुठल्या गावांचं नातं किती वर्षं टिकलं. "गोड आवाज" लिहायचा मोह झाला तर त्याऐवजी श्वास कुठं घ्यायचे, तान घ्यायचे की शब्द फेकायचे, माइक किती लांब धरायचे ते लिहा.

पुस्तिका मध्ये पिना मारून बांधायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा; बत्तीस पानांत एक आयुष्य नीट बसतं. स्मृतिदिनाला दोन तासांचा कार्यक्रम पुरे. जुन्या रेकॉर्डिंगचे तीनच तुकडे, प्रत्येकी दीड मिनिटाचे, मध्ये साथीदारांचं बोलणं आणि शिष्यांचं गाणं. भाषणं शेवटी ठेवली तर लोक गाण्यासाठी थांबतात आणि भाषणं आपोआप आखूड होतात. लाउडस्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी काढा. रात्री दहानंतर उघड्यावर तो बंदच.

रेकॉर्डिंग इंटरनेटवर चढवण्यापूर्वी घरच्यांची आणि हयात साथीदारांची लेखी संमती घ्या. कायद्यानं गायक-वादकांचा हक्क सादरीकरणापासून ५० वर्षं राहतो, तर कवनकाराचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. सिनेमाच्या चालीवरचं पद असेल तर ते वेगळं ठेवा, त्यावर दावा येऊन सगळी चित्रफीत उतरवली जाऊ शकते.

सगळ्याच्या तीन प्रती करा: एक घरी, एक तुमच्याकडं, एक दुसऱ्या गावात, नदीकाठ सोडून. पेनड्राइव्हवर एकमेव प्रत कधीच नको. छापील पुस्तिका गावच्या शाळेत, तालुक्याच्या ग्रंथालयात आणि बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात द्या. दर वर्षी स्मृतिदिनाच्या आठवडाभर आधी तिन्ही डिस्क जोडून प्रत्येक फोल्डरमधली दोन-तीन रेकॉर्डिंग शेवटपर्यंत वाजवून पाहा. एखादी अडकली तर त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवरून नवी प्रत करून घ्या.